मदत हवी आहे: बेनी गुडमनची १९३८ची कार्नेगी हॉल मैफल आणि त्यातला जेस स्टेसीचा पियानो

नमस्कार मंडळी,

पाश्चात्त्य संगीताचं माझं शिक्षण शून्य. पंधरा वर्षं हार्मोनियमची साथ करते, तीही बहुतेक नाट्यगीतांना आणि भजनांना. पण गेला दीड महिना रोज रात्री एकच अल्बम ऐकतेय आणि आता जाणकारांनी हात दिल्याशिवाय पुढे सरकता येईना, म्हणून हा धागा काढतेय.

सुरुवात सी. रामचंद्रांपासून झाली. त्यांच्या गाण्यांतला तो खट्याळ ट्रम्पेट कुणाचा, हे शोधताना चिक चॉकलेट हे नाव सापडलं. मूळचे गोव्यातल्या हळदोण्याचे, आडनाव वाझ. मुंबईत स्वतःचा जाझ बँड चालवायचे आणि अण्णांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे, सहायकही होते. या मंडळींच्या कानावर तरुणपणी काय पडत असेल, या कुतूहलापोटी स्विंग, म्हणजे त्या काळचं नाचायला लावणारं जाझ, ऐकायला घेतलं आणि तिसऱ्याच दिवशी क्लॅरिनेटवादक आणि बँडप्रमुख बेनी गुडमनच्या त्या मैफलीपाशी येऊन थांबले ती थांबलेच.

ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १६ जानेवारी १९३८, रविवारची रात्र, न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल. एरवी जिथे सिंफनी व्हायच्या तिथे नाचगाण्याचा बँड बसलेला. पहिल्या गाण्यात सगळे जरा बिचकलेलेच वाटतात. मग जीन क्रुपा ड्रम्सवर असा काही कडाडतो की श्रोते एकदम टाळ्या वाजवू लागतात, आणि तिथून बँड मोकळा होतो. काऊंट बेसी आणि ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडमधले वादकही पाहुणे म्हणून आले होते. त्या काळच्या अमेरिकेत गोरे आणि कृष्णवर्णीय कलाकार एका मंचावर सहसा दिसत नसत. इथे गुडमनच्या क्वार्टेटमध्ये, म्हणजे चौघांच्या संचात, तो आणि क्रुपा हे दोघे गोरे, तर पियानोवरचा टेडी विल्सन आणि व्हायब्राफोनवरचा (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) लायनेल हॅम्प्टन कृष्णवर्णीय. चौघं एकमेकांचं वाक्य तोंडातून उचलावं तसं वाजवतात.

हे सगळं ध्वनिमुद्रित झालं ते मंचावर टांगलेल्या मायक्रोफोनमधून. आल्बर्ट मार्क्स नावाच्या गृहस्थांनी हौसेने पदरचे पैसे घालून ते करवून घेतलं. पुढे त्या तबकड्या गुडमनच्या घरी कपाटात पडून राहिल्या. १९५० साली कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने त्यांचा दोन एलपींचा संच काढला. मधली बारा वर्षं ही मैफल फक्त त्या रात्री हजर असलेल्यांच्या आठवणीत होती, हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

आता माझ्या प्रश्नाकडे येते. शेवटाकडे ‘सिंग, सिंग, सिंग’ आहे, बारा मिनिटांचं. क्रुपाचे ते घुमणारे टॉमटॉम ड्रम, हॅरी जेम्सचा ट्रम्पेट, सगळं अंगावर येतं. मग गुडमनचा क्लॅरिनेट चढत चढत अगदी वर जातो आणि तिथे बारीक होऊन विरतो. आता समारोप, असं वाटतं, तेवढ्यात मोठ्या बँडचा पियानोवादक जेस स्टेसी वाजवायला लागतो. हे आधी ठरलेलं नव्हतं म्हणे. जेमतेम दोन मिनिटं. इतका वेळ गरजणारा बँड गप्प आणि क्रुपाही हलक्या हाताने फक्त लय धरून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद केला आणि तिथेच उभी राहिले. मैफलीत कुणी अचानक आलाप घेऊ लागावं आणि सगळी बैठक आपोआप शांत व्हावी, अगदी तसं झालं.

तर, पियानो वाजवणाऱ्यांनी कृपया सांगावं की हा माणूस तिथे नक्की करतो काय? खाली काहीच बदलत नाही असं वाटतं, तरी वर सतत नवं काही उमलत राहतं. असा स्टेसी आणखी कुठे ऐकायला मिळेल? आणि सीडी विकत घ्यायची तर कोणती आवृत्ती? १९९९च्या आवृत्तीत खरखर फार आहे, अशी तक्रार वाचली.

प्रतिसाद

ताई, धागा वाचून लगेच तो भाग पुन्हा लावला.

तुमच्या कानाने बरोबर पकडलंय. ते जवळजवळ सगळं ए मायनरवर आहे, म्हणजे तुमच्या भाषेत पांढरी सहा षड्ज आणि गंधार कोमल. एरवी जाझमध्ये कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) सारखे बदलतात आणि वादकाला त्यांच्यामागे धावावं लागतं. इथे तंबोरा लावल्यासारखा आधार स्थिर आहे, त्यामुळे स्टेसीला घाई नाही. वाक्याच्या शेवटी उजव्या हातात एकाच स्वराची दोन सप्तकं धरून तो थरथरवतो, तेही ऐका. पियानोचा सूर दाबला की लगेच मावळायला लागतो, भात्यासारखा धरून ठेवता येत नाही. त्या थरथरीमुळे तो ट्रम्पेटसारखा लांबतो. ही तऱ्हा जाझ पियानोवादक अर्ल हाइन्सची.

आवृत्ती १९९९चीच घ्या. जाझचे अभ्यासक फिल शाप यांनी ती मूळ तबकड्यांवरून केली आणि खरखर मुद्दाम पुसली नाही, कारण ती पुसताना पियानोचे वरचे सूरही पुसले जातात. शिवाय एलपीत न आलेली दोन गाणी त्यात आहेत. पाच मिनिटांत कानाला खरखरीची सवय होते.

स्टेसीसाठी आधी १९३५च्या शिकागोतल्या तबकड्या ऐका. क्रुपा ड्रम्सवर आणि बासवर सोळा वर्षांचा इझ्रायल क्रॉसबी. मग कमोडोर लेबलसाठी त्याने वाजवलेला एकट्याचा पियानो.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. पांढरी सहा वाचलं आणि उठून सुरपेटी लावली. ती थरथर माझ्या पेटीवर नीट येत नाही, बोटं जड पडतात. पण षड्ज चालू ठेवून कोमल गंधारावर रेंगाळले, तेव्हा शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, “हे त्या रात्रीच्या पियानोसारखं वाटतंय.” १९९९ची सीडी मागवतेय. ती एकट्याची कमोडोरची वादनं एकत्र कुठे मिळतील, हे कुणाला माहीत असेल तर तेवढं अजून सांगा.