पणसायमळच्या वर्तुळाकृतीला सूर्यपंचांग म्हणता येईल का?

मांडवीकाठ (प्रश्न):
गेल्या रविवारी आम्ही काही जण गोव्यात रिवणजवळ कुशावती नदीच्या काठी असलेली पणसायमळची खोदचित्रे पाहून आलो. जांभ्या दगडाच्या सड्यावर बैलांच्या आकृतींबरोबरच एकात एक गुंफलेल्या वर्तुळांचे, चक्रव्यूहासारखे एक चित्र आहे. सोबतच्या एका गृहस्थांनी ते प्राचीन लोकांचे सूर्यपंचांग असल्याचे ठामपणे सांगितले. दुर्बीण नसताना सूर्याचा मार्ग लोक प्रत्यक्षात कसा मोजत असत आणि एखादी खूण त्यासाठीच केली होती, हे कशावरून ठरवावे?

शंकुच्छाया:
वर्तुळ दिसले की सूर्य आठवणे स्वाभाविक आहे, पण तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. आयर्लंडमधील न्यूग्रेंजची रचना इ. स. पू. ३२०० च्या सुमाराची आहे. तिथे दारावरच्या झरोक्यातून आलेला किरण केवळ दक्षिणायनान्ताच्या, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवसाच्या, आसपासच्या सकाळी लांब बोळ ओलांडून आतल्या दालनापर्यंत पोहोचतो. पेरूमधील चांकिल्यो येथे डोंगराच्या धारेवर १३ बुरूज ओळीने उभे आहेत आणि ठरावीक जागेवरून पाहिल्यास वर्षभरातील सूर्योदयाचे बिंदू त्या ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकतात. दोन्ही ठिकाणी जागा, दिशा आणि दिवस यांचा मेळ बसतो. पणसायमळची आकृती जमिनीवर आडवी कोरलेली आहे आणि ती कोणत्याही दिशेकडे बोट दाखवत नाही, त्यामुळे तिला पंचांग म्हणणे मला धाडसाचे वाटते.

गोव्यातूनही क्षितिजावरची मोजणी करता येते. समुद्रावर खूण धरायला काही नसते, पण पूर्वेला सह्याद्रीची शिखरे आहेत. आपल्या सुमारे साडेपंधरा अक्षांशांवर सूर्योदयाचा बिंदू वर्षभरात पूर्वेच्या दोन्ही बाजूंना साधारण २४ अंश, म्हणजे एकूण ४९ अंशांच्या आसपास सरकतो. हात लांब केल्यावर मूठ सुमारे १० अंश झाकते, म्हणून हे अंतर पाच मुठींएवढे भरते. इंग्लंडमधील स्टोनहेंजच्या अक्षांशावर तेच अंतर ८० अंशांच्या जवळ जाते. अडचण एवढीच, की अयनान्ताच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या किंवा सर्वांत लहान दिवसाच्या, सुमारास सूर्योदयाचा बिंदू कित्येक दिवस जागचा हलतच नाही, म्हणून आधीची आणि नंतरची सारखी खूण धरून मधला दिवस काढावा लागतो.

आपल्याकडील परंपरेत शंकूचा, म्हणजे जमिनीत उभ्या रोवलेल्या काठीचा, वापर अधिक होता. सपाट जागी शंकूभोवती वर्तुळ काढायचे, सकाळी सावलीचे टोक त्याला जिथे शिवते आणि दुपारनंतर जिथे शिवते ते दोन बिंदू जोडायचे. ती रेघ पूर्व-पश्चिम असते. बारा अंगुळे उंचीच्या शंकूची विषुवदिनी (दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी) मध्यान्हीची सावली, म्हणजे पलभा, गोव्यात सव्वातीन अंगुळांहून किंचित जास्त, तर उज्जैनला पाच अंगुळांहून जास्त भरते.

सत्तरीकर:
आमच्या आजोबांनी कधी काठी रोवली नाही, पण मृग लागला की पेरणी, हे त्यांचे पक्के होते. सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते उजेडात दिसतच नाही. मग हे कळत कसे असे?

शंकुच्छाया:
सूर्योदयापूर्वी पूर्वेला कोणती नक्षत्रे उगवली आहेत, हे पाहून. तैत्तिरीय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात पहाटेच्या अशा निरीक्षणाचा उल्लेख आहे. इजिप्तमध्ये व्याध तारा काही आठवडे अदृश्य राहून पहाटे पुन्हा दिसू लागला, की नाईलच्या पुराची चाहूल लागत असे. मात्र संपातबिंदू, म्हणजे विषुवदिनी सूर्य ताऱ्यांमध्ये जिथे असतो ती जागा, सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो, म्हणून नक्षत्र आणि ऋतू यांची जोडी कायमची नसते.

आकडे एका ठिकाणचे दुसऱ्या ठिकाणी लावू नयेत, हेही सांगायला हवे. वेदांग ज्योतिष या प्राचीन ग्रंथात सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा आणि सर्वांत लहान १२ मुहूर्तांचा दिला आहे, म्हणजे मोठा दिवस १४ तास २४ मिनिटांचा. गोव्यात तो जेमतेम १३ तासांचा असतो. ते प्रमाण ३५ अक्षांशांच्या आसपास जुळते.

मांडवीकाठ:
आभारी आहे. २१ जूनला इथे ढगांमुळे क्षितिजच दिसत नाही, त्यामुळे २२ डिसेंबरच्या पहाटे सह्याद्रीकडे तोंड करून खूण धरीन. मे महिन्याच्या आरंभी गोव्यात मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी गच्चीवर काठी उभी करून सावली पायाशी येते का, तेही पाहीन.