विषय: उन्हाळाभर बंद असलेला हीट पंप पुन्हा सुरू करताना

प्रेषक: रेडिंग

मंडळी, इंग्लंडमधल्या रेडिंगहून नमस्कार.
आमचा ८ किलोवॅटचा हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन घर आणि पाणी तापवणारा; मोनोब्लॉक, म्हणजे सगळं यंत्र बाहेरच्या एकाच पेटीत; आतला गॅस आर-२९०) मे महिन्यापासून बंद आहे. बाहेरच्या भिंतीवरचा आयसोलेटर (त्याच्या विजेचा मुख्य खटका) ही बंदच आहे आणि गरम पाणी इमर्शनवर, म्हणजे टाकीतल्या विजेच्या कॉइलवर चाललंय. रेडिएटर ११, गरम पाण्याची टाकी २०० लिटरची अनव्हेंटेड, म्हणजे नळाच्या दाबाखालची बंद टाकी. हीटिंगच्या पाण्याच्या प्रेशर गेजवर सध्या ०.६ बार दिसतंय. थेट चालू करावा की आधी काही तपासावं? सर्व्हिसवाला तीन आठवड्यांनी येणार आहे. त्याच्याकडून नेमकं काय करून घ्यायचं, तेही सांगा.

प्रेषक: लीड्स

ताई, थेट चालू करू नका. आज फक्त आयसोलेटर चालू करा आणि कंट्रोलरवर हीटिंग व गरम पाणी दोन्ही बंदच राहू द्या. कॉम्प्रेसरच्या बुडाशी एक छोटा हीटर असतो. यंत्र महिनोन्‌महिने थंड पडलं की गॅस कॉम्प्रेसरच्या तेलात मुरतो. तशातच सुरू केलं तर प्रेशर एकदम उतरतं, तेलाला फेस येतो आणि बेअरिंगला वंगण मिळत नाही. किमान १२ तास वीज मिळू द्या. तुमच्या पुस्तिकेत जास्त तास दिले असतील तर तेच धरा. (पुढच्या वर्षी आयसोलेटर बंद करूच नका. तो बंद असला की पाणी गोठू नये म्हणून पंप आपोआप फिरतो, तेही थांबतं.)

तेवढ्या वेळात पाण्याची बाजू पाहा. ०.६ बार कमी आहे. दुमजली घराला थंड असताना १.२ ते १.५ बार लागतं. फिलिंग लूपचे (नळाचं पाणी हीटिंगच्या पाइपांत भरायच्या जोडणीचे) दोन्ही कॉक अगदी थोडे उघडा, काटा १.५ वर आला की बंद करा आणि लवचीक नळी काढून ठेवा. मग वरच्या मजल्यापासून सुरुवात करून प्रत्येक रेडिएटरची हवा काढा. टाकीजवळच्या पाइपावर हवेचा कॉक असेल तर तोही विसरू नका, हवा तिथेच जास्त अडकते. हवा निघाली की प्रेशर उतरतं, ते पुन्हा भरा. रेडिएटरवरचे सगळे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवा.

बाहेरच्या युनिटमागची पानं, कोळ्याची जाळी मऊ ब्रशने वरून खाली काढा. प्रेशर वॉशर लावू नका, ॲल्युमिनियमच्या पात्या कागदासारख्या दुमडतात.

प्रेषक: ॲबर्डीन

लीड्सच्या दादांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण प्रेशर भरायच्या आधी एक गोष्ट पाहा: तुमच्या पाइपात ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव्य) आहे की साधं पाणी? युनिटजवळ किंवा टाकीवर लेबल असतं. ग्लायकॉल असेल तर नळाचं पाणी घालत गेल्याने ते पातळ होत जातं. प्रोपिलीन ग्लायकॉल २५ टक्के असेल तर साधारण उणे १० अंशांपर्यंत निभावतं. त्याहून बरंच पातळ झालं की गोठण्यापासून बचाव तर जातोच, शिवाय त्यात जिवाणू वाढून चिखल होतो. सर्व्हिसवाल्याला रिफ्रॅक्टोमीटरवर (ग्लायकॉलचं प्रमाण मोजायच्या उपकरणावर) एक थेंब टाकून आकडा दाखवायला सांगा.

साधं पाणी असेल तर बाहेरच्या दोन्ही पाइपांवर पितळी अँटीफ्रीझ व्हॉल्व्ह असायला हवेत. आतलं पाणी ३ अंशांच्या आसपास आलं की ते उघडतात आणि पाणी जमिनीवर सोडून देतात. कडाक्याच्या थंडीत वीज गेली तर आतला हीट एक्स्चेंजर फुटू नये म्हणून ही सोय. त्यांच्यावर फोम गुंडाळलेला असेल तर काढा, त्यांना थंडी कळली पाहिजे. सकाळी खाली थारोळं आणि गेजवर शून्य दिसलं तर घाबरू नका. व्हॉल्व्हने आपलं काम केलं आहे, पाणी भरून हवा काढली की झालं.

प्रेषक: रेडिंग

दोघांचे आभार. साधं पाणी आहे, व्हॉल्व्ह दोन्ही आहेत. आज सकाळी चालू केला. तासाभराने कंट्रोलरवरचे आकडे असे: जाणारं पाणी ४६, परतीचं ३६, फ्लो मिनिटाला ११ लिटर. वरच्या रेडिएटरची खालची बाजू थंड, घर १७ अंशांवर अडकलंय. तापमान ५५ करून पाहू का?

प्रेषक: लीड्स

५५ मुळीच करू नका, ताई. दुखणं तुमच्याच आकड्यांत आहे. हीट पंपाला जाणाऱ्या-परतणाऱ्या पाण्यात ५ अंशांचा फरक लागतो, तुमच्याकडे १० आहे. हिशेब सोपा: ८ किलोवॅट उष्णता ५ अंशांच्या फरकाने न्यायची तर मिनिटाला २३ लिटर पाणी फिरलं पाहिजे. तुमच्याकडे निम्मंसुद्धा फिरत नाही. बॉयलर ७० अंशांचं थोडं पाणी सोडूनही घर तापवतो. हीट पंप कोमट पाणी भरपूर फिरवून तापवतो. शिवाय पाणी जेवढं गरम मागाल तेवढं बिल वाढतं, दर अंशामागे साधारण दोन-अडीच टक्के.

हवा काढून झाली आहे, म्हणून पहिला संशय परतीच्या पाइपावरच्या जाळीवर, म्हणजे वाय आकाराच्या पितळी स्ट्रेनरवर. साफ करायची रीत:

कंट्रोलरवरून बंद करा, पंप फिरायचा थांबू द्या, मग आयसोलेटर बंद. स्ट्रेनरच्या दोन्ही बाजूंचे कॉक आडवे करा. खाली टब ठेवा आणि टोपी मोठ्या पान्याने हळूहळू सैल करा. दोन्ही कॉक नीट बंद असतील तर एखादा पेलाभर पाणी येईल. धार थांबत नसेल तर टोपी परत आवळा आणि काम सर्व्हिसवाल्यावर सोडा. आत बोटभर लांबीची जाळीची नळी असते. तिच्यावर काजळासारखा काळा, बोटाला चिकटणारा गाळ दिसेल. तो रेडिएटरच्या लोखंडाचा. लोहचुंबक जवळ नेला तर ओढला जातो. जुन्या टूथब्रशने नळाखाली घासा आणि उजेडाकडे धरून पाहा, सगळी भोकं मोकळी दिसली पाहिजेत. टोपीची रबरी रिंग चिरलेली नाही ना, ते तपासा. परत बसवा, कॉक सावकाश उघडा, हवा काढा, प्रेशर भरा. चुंबकी फिल्टर असेल तर तोही त्याच बैठकीत धुवा.

प्रेषक: रेडिंग

जाळी निम्म्याहून जास्त बुजली होती. आता फ्लो २१, फरक ५. घर २० अंशांवर आलं.

प्रेषक: लेस्टर

छान झालं. आता सर्व्हिसबद्दल. नुसता व्हॅक्यूम फिरवून पावती देणाऱ्याला हे नक्की विचारा: एक्स्पान्शन व्हेसलची (पाणी तापून फुगतं त्याला जागा देणाऱ्या, हवा भरलेल्या डब्याची) हवा मोजली का? ती मोजताना पाण्याचं प्रेशर शून्यावर आणावं लागतं, नाहीतर आकडा खोटा येतो. गाडीच्या टायरसारखीच तिची सुई असते. दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर आतला पडदा फाटलाय, व्हेसल बदलायचा. गरम झाल्यावर काटा ३ बारकडे धावतो, सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो आणि थंड झाल्यावर प्रेशर पडलेलं सापडतं, ही त्याचीच खूण. तुमचे ०.६ बार त्यामुळेही असू शकतील.

दुसरं, इन्हिबिटरची, म्हणजे गंज रोखायला पाण्यात घालतात त्या रसायनाची पातळी. बीएस ७५९३ या ब्रिटिश मानकाप्रमाणे ती दरवर्षी तपासायची असते, आणि तुमच्या जाळीवरचा गाळ पाहता ती संपलेलीच असावी. तिसरं, अनव्हेंटेड टाकीचे सेफ्टी व्हॉल्व्ह. ते काम जी-३ (अशा टाक्यांच्या कामाची) पात्रता असलेल्यानेच करायचं. गॅसच्या बाजूला कुणीही उगाच गेज लावू नये, दर वेळी थोडा गॅस जातो. आर-२९० म्हणजे प्रोपेन, पण त्याला स्वयंपाकाच्या गॅससारखा वास घातलेला नसतो आणि तो हवेपेक्षा जड असतो. म्हणून युनिटजवळ पणत्या-फटाके नकोत.

आणि आता इमर्शनचा खटका बंद करा! पंप सुरू झाल्यावरही तो चालूच राहतो आणि मग बिल पाहून लोक पंपाला नावं ठेवतात. आठवड्यातून एकदा जंतू मारण्यासाठी टाकी ६० अंशांवर नेतात, तेवढ्यापुरता तो असू द्या. ४८ वरून ६० ला २०० लिटर न्यायला सुमारे २.८ युनिट लागतात.

प्रेषक: रेडिंग

ताई, शेवटचं एक. नरकचतुर्दशीला घरात आठ माणसं आहेत, पहाटे सगळ्यांची अभ्यंगस्नानं. २०० लिटर पुरेल?

प्रेषक: लेस्टर

४८ अंशांच्या २०० लिटरमध्ये १० अंशांचं नळाचं पाणी मिसळलं तर ४० अंशांचं साधारण २५० लिटर होतं. माणशी ४५ लिटर धरले तर पाच आंघोळी, सहावी अर्धवट. टाकी ५५ वर ठेवली तर ३०० लिटर, म्हणजे साडेसहा. म्हणून आदल्या रात्री ५५ लावा, तीन वाजता तापायला सुरुवात होईल असं वेळापत्रक ठेवा आणि चौघांच्या आंघोळी झाल्या की हातानेच पुन्हा तापवायला लावा. त्या तासाभरात पंप टाकीच तापवत असेल, रेडिएटरना पाणी जाणार नाही, तेव्हा घर आधीच अर्धा अंश वर ठेवा. दुसऱ्या दिवशी टाकी परत ४८ वर.