ससा उडी मारत नाही, रविवारी पेट शो आहे! (तातडीचं)

बुंदीचा_बाबा: तीन आठवडे झाले, काही उपयोग नाही. यूट्यूबवर स्वीडनचे अडथळ्यांवरून उड्या मारणारे ससे बघून हॉलमध्ये चार अडथळे मांडले. हा पहिल्यापाशी जातो, मागचा पाय धाडकन आपटतो आणि सोफ्याखाली. गाजर दाखवून झालं. पोरीने अख्ख्या सोसायटीला सांगून ठेवलंय. जालीम उपाय सांगा.

मेधा_क: वय? वजन? अडथळा किती उंच? पट्टा कसला?

बुंदीचा_बाबा: पांढरा, लाल डोळे.

मेधा_क: रंग नाही विचारला हो.

बुंदीचा_बाबा: सात महिने. अडथळा फूटभर. मांजराचा गळपट्टा आहे.

मेधा_क: तो आधी काढा! उडीत हिसका बसला की मानेला इजा. छातीला बसणारा हार्नेस घ्या. आणि पाय आपटणं म्हणजे ‘धोका आहे’.

कायदा_माहीत_असावा: रानससा पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, सांगून ठेवतो.

बुंदीचा_बाबा: पांढराफेक आहे म्हटलं ना!

डॉबरमनवाला: एक वेळ उपाशी ठेवा, बघा कसा उडतो. आमचा टायगर असाच शिकला.

मेधा_क: कृपा करून असलं काही सांगू नका. सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. दहा-बारा तास खाल्लं नाही तर थेट डॉक्टर गाठायचा.

डॉबरमनवाला: पूर्वी कुठे होते सशांचे डॉक्टर? तरी जगायचेच की.

मेधा_क: किती जगायचे, ते मोजलं होतं का कुणी?

सांगलीची_सई: आम्ही लसूणघास घालतो, मस्त उड्या मारतात.

निनाद७: सशाला लसूण?? विषारी असतो!

सांगलीची_सई: अहो लसूणघास, जनावरांचा चारा. गवळ्याला विचारा.

मेधा_क: लहान पिल्लांना चालतो. मोठ्याला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. साधं वाळलं गवत बरं.

गोथेनबर्गकर: इथे स्वीडनमध्ये या खेळाला कानिनहोपनिंग म्हणतात, नियम घोड्यांच्या उड्यांवरून घेतलेत. धक्का लागताच आडवी काठी पडलीच पाहिजे, म्हणजे पाय अडकत नाही. १९९९ला डेन्मार्कमधल्या होर्सेन्सला याबो नावाच्या सशाने ३ मीटर लांब उडी मारली होती. पण सुरुवात जमिनीवर ठेवलेल्या काठीपासून, फूटभरापासून नव्हे! हॉलमध्ये फरशी कसली आहे?

बुंदीचा_बाबा: साधीच, व्हिट्रिफाइड. त्याचा काय संबंध? पलंगावर तर टुणकन चढतो.

गोथेनबर्गकर: पलंगावर गादी आहे. सशाच्या पंजाला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस. गुळगुळीत फरशीवर उतरताना पाय फाकतात. एकदा घसरला की त्या जागेची भीती बसते.

निनाद७: सतरंजी टाका.

मेधा_क: नको, ती सशासकट सरकेल. योगा मॅट.

डॉबरमनवाला: माणसाला एक योगा मॅट परवडत नाही, सशाला चार.

बुंदीचा_बाबा: बायकोची मॅट टाकली. खराटा आडवा ठेवला, जमिनीलाच. मान डोलावत दोन मिनिटं बघत बसला, मग टुणकन पलीकडे! कोथिंबिरीची काडी दिली. तीनदा आला. चौथ्यांदा मॅटचा कोपरा कुरतडायला बसला. बायकोला कळलेलं नाही अजून. रविवारपर्यंत फूटभर होईल का?

मेधा_क: नाही.

गोथेनबर्गकर: खराट्यावरून उडवा. आणि मंडप उन्हात असेल तर नेऊच नका.

कायदा_माहीत_असावा: सोसायटीची लेखी परवानगी घेतली का?