पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) कपाटात सर्पदंशाची लस आहे पण देत नाहीत, काय करता येईल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
पहिल्यांदाच धागा काढतोय, जरा लांबेल. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, मी नोकरीला मुंबईत. ऑक्टोबरात भातकापणीला गावी गेलो होतो. तिन्हीसांजेला काकू गडग्याकडेला ठेवलेला भारा उचलायला गेली आणि फुरसं चावलं, अंगठ्याच्या बाजूला. शेजाऱ्यांनी पोटरीला सुंभ आवळला, कोणी म्हणालं आधी विष उतरवणाऱ्या मांत्रिकाकडे नेऊ, मी ऐकलं नाही, रिक्षा काढली आणि नऊ किलोमीटरवरच्या पीएचसीत नेलं.

तिथे सिस्टर एकट्या. डॉक्टरांकडे दुसऱ्या पीएचसीचाही चार्ज आहे, ते तिकडे. सिस्टरनी सलाईन लावलं आणि रेफरची चिठ्ठी लिहिली. मी विचारलं लस नाही का, तर म्हणाल्या आहे हो, कपाटात आहे, पण डॉक्टर नसताना मी कशी देऊ, रिअ‍ॅक्शन आली तर पेशंट माझ्या हातात जाईल. चिठ्ठी लिहिताना त्यांचे हात थरथरत होते, मला त्यांचा राग नाही आला. 108 दुसऱ्या केसवर होती म्हणून गावातल्याच एकाची गाडी घेतली, पुढे 42 किलोमीटर घाटातून. पोचेपर्यंत काकूच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं, पदराने पुसत होती आणि मला विचारत होती गुरं बांधली का रे. वाचली ती, पण पाय अजून सुजतो.

मला कोणाला सस्पेंड वगैरे करायचं नाहीये. आमच्याकडे कातळावर, जांभ्याच्या खाचांत फुरशी भरपूर, पुढच्या लावणीला परत कोणाला तरी चावणारच. त्याआधी आमच्याच पीएचसीत पहिले डोस मिळायला हवेत. त्यासाठी अर्ज नक्की कोणाकडे करायचा, काय मागायचं, आणि ग्रामपंचायत यात काही करू शकते का? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १
दादा, काकू वाचल्या हे वाचून बरं वाटलं. मी दुसऱ्या जिल्ह्यात पीएचसीला एमओ (वैद्यकीय अधिकारी) आहे म्हणून आतली बाजू सांगतो. सिस्टरची भीती खरी आहे, लसीची अ‍ॅलर्जी येऊ शकते, पण त्यावर उपाय अ‍ॅड्रिनॅलिन आहे, ते सिरिंजमध्ये भरून शेजारी ठेवायचं आणि मग लस सुरू करायची. सुरुवातीला आठ ते दहा व्हायल (लसीच्या छोट्या बाटल्या) लागतात, त्यामुळे "स्टॉक आहे" म्हणजे दोन व्हायल असतील तर त्याचा काही उपयोग नाही. आकडा विचारा. फुरसं आणि घोणस चावल्यावर रक्त गोठेनासं होतं, ते तपासायला मशीन लागत नाही. कोरड्या काचेच्या नळीत 2 मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग तिरकं करून बघायचं, वाहिलं तर लस द्यायची. नळी काचेचीच हवी आणि साबणाने धुतलेली नको, नाहीतर रिझल्ट चुकतो. आमच्याकडे हे एका दुपारच्या ट्रेनिंगमध्ये सगळ्या सिस्टरना करून दाखवलं होतं, तेव्हापासून डॉक्टर रस्त्यात असला तरी फोनवर ऐकून तयारी होते आणि तो पोचेपर्यंत वेळ वाया जात नाही.

अर्जाचं म्हणाल तर पीएचसी जिल्हा परिषदेची, म्हणजे आधी तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी, प्रत सीईओंना. सिव्हिल सर्जनकडे जाऊ नका, त्यांच्याकडे ग्रामीण रुग्णालयं येतात, तिथला अर्ज नुसता फिरत राहतो. आणि सुंभ, दोरी काही बांधू नका हे वाडीत सांगा. पाय हलू न देता झोपवून आणायचं.

प्रतिसाद २
मी पुणे जिल्ह्यात लोकाधारित देखरेखीच्या कामात होते. 2007 ला पाच जिल्ह्यांत सुरू झालं होतं, त्यात अमरावती, नंदुरबार पण होते. गावातल्या लोकांनीच पीएचसीची माहिती गोळा करायची आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायची. माझा अनुभव असा की तोंडी तक्रार केली की "बघतो" म्हणतात, वही पुढे ठेवली की उत्तर द्यावं लागतं. म्हणून आधी माहिती अधिकारात (आरटीआय) विचारा, 10 रुपयांचा अर्ज, 30 दिवसांत उत्तर द्यायला लागतं. मागच्या वर्षभरात सर्पदंशाचे किती पेशंट आले, किती जणांना तिथेच लस दिली, किती रेफर केले, आणि लसीच्या स्टॉक रजिस्टरची झेरॉक्स. एवढंच मागा, पानभर प्रश्न विचारले की मूळ मुद्दा हरवतो.

मग ग्रामसभा. 26 जानेवारीची आहेच, त्यात ठराव घ्या आणि शेजारच्या ग्रामपंचायतींनाही घ्यायला लावा, एका गावाचा ठराव बाजूला पडतो. रुग्ण कल्याण समितीत हा विषय अजेंड्यावर लेखी मागा. काचेच्या नळ्या, टॉर्च, क्वार्टरची दुरुस्ती असल्या गोष्टी त्यांच्या निधीतून होतात. डॉक्टर राहत नाहीत म्हणून ओरडतो आपण, पण क्वार्टर गळकी असेल तर कोण राहणार, ते पण जाऊन बघा एकदा. आशाताईला सोबत घ्या, कोणाला कधी काय चावलं ते तिला तोंडपाठ असतं.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार, ताई तुमचं क्वार्टरचं मला सुचलंच नव्हतं. आत्ताच गावी फोन केला, चुलतभाऊ बघून आला, छपरावर ताडपत्री आहे आणि नळाला पाणी नाही. स्टॉकमध्ये चार व्हायल आहेत असं सिस्टर म्हणाल्या. म्हणजे त्या रात्री डॉक्टर असते तरी काकूला पुरले नसते.

आरटीआयचा अर्ज उद्या टाकतो. शेजारच्या दोन सरपंचांशी बोलणं चालू आहे, त्यातले एक म्हणाले त्यांच्याकडेही मागच्या पावसात एक पोरगी रेफर झाली होती. आता एकच अडलंय, ठरावात "किमान वीस व्हायल कायम ठेवाव्यात" असा आकडा लिहावा की नुसतं "पुरेसा साठा" लिहावं? डॉक्टर, तुम्ही सांगा, तसंच टाइप करून पाठवतो.