टोरोंटोतले मॅसेडोनियन सावरले, मग जमैकन का अडकले?

पूर्वेचा_पाहुणा (धागाकर्ता)

मी ईस्ट यॉर्कात राहतो. घराजवळ ओकॉनर ड्राइव्हवर मॅसेडोनियन समाजाने आपल्या म्हाताऱ्यांसाठी उभारलेलं निवासस्थान आहे, समाजाच्याच पैशातून आणि खटपटीतून झालेलं. कामाला मात्र एग्लिंटन वेस्टवरून जातो. त्या पट्ट्याला सगळे 'लिटल जमैका' म्हणतात. तिथली शटर ओढलेली दुकानं मोजणं मी आता सोडून दिलंय. एकाच शहरात वीस मिनिटांच्या अंतरावर हा फरक का, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

मॅसेडोनियन इथे आले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. १९०३ चा इलिंडेनचा उठाव तुर्कांनी चिरडला, गावं जाळली. आज ग्रीसमध्ये असलेल्या कास्टोरिया-फ्लोरिना भागातले तरुण मग मोठ्या संख्येने बाहेर पडले. स्वतःचा देश नाही, इंग्रजीचा गंध नाही. टोरोंटोत कत्तलखान्यात, कातडी कमावायच्या आणि पत्र्याच्या कारखान्यांत राबले. १९१० मध्ये स्वतःचं चर्च केलं. मग बूटपॉलिशची दुकानं, छोटी हॉटेलं, किराणा. गाब्रेश गावात जन्मलेला स्टीव्ह स्टाव्ह्रो पोरवयात आला, बापाच्या दुकानात उभा राहिला, पुढे 'नॉब हिल फार्म्स' नावाची अजस्र किराणा दुकानं काढली आणि शेवटी मेपल लीफ्स हा हॉकीचा संघच खिशात घातला.

जमैकन मोठ्या संख्येने आले ते १९५५ नंतर, आणि खरी लाट १९६७ च्या गुणपद्धतीनंतरची (शिक्षण, कौशल्य, भाषा यांना गुण देऊन परदेशातून येणाऱ्यांना निवडायची पद्धत). इंग्रजी येत होतं, ब्रिटिश वळणाची शाळा झालेली होती. तरीही कॅनडातल्या कृष्णवर्णीयांचं सरासरी उत्पन्न आजही देशाच्या सरासरीखाली आहे आणि गरिबीचं प्रमाण वर.

भेदभाव होता आणि आहे, हे मला मान्य आहे. पण पहिल्या साठलेल्या पैशाचं समाज काय करतो यावर पुढच्या तीन पिढ्या ठरतात, असं माझं मत. मारा दगड.

गिरणगावचा_नातू

मॅसेडोनियन भाषेत 'पेचल्बा' असा शब्द आहे. परमुलखात जाऊन कमवायचं आणि घरी परतायचं. जाणारा तो 'पेचल्बार'. म्हणजे आपला चाकरमानी! माझे आजोबा साताऱ्याकडून परळला आले. गावकीची खोली, खानावळीचं जेवण, पाळीप्रमाणे अंथरूण, महिन्याला मनीऑर्डर. टोरोंटोतही गावनिहाय मंडळं होती. झेलेवोवाल्यांचं वेगळं, ओश्चिमावाल्यांचं वेगळं. आजारपण, मयत, गावच्या शाळेची वर्गणी, सगळं त्यातून.

धागाकर्त्याच्या मताबद्दल नंतर बोलतो. तूर्तास पॉपकॉर्न.

मीनल_ब्रॅम्प्टन

असहमत, आणि जरा सविस्तर असहमत.

'१९५५ नंतर आले' हे एका वाक्यात उरकलंत, तिथेच सगळी गोम आहे. आलं कोण? आल्या त्या बायका. कॅनडा सरकारने १९५५ मध्ये वेस्ट इंडियन मोलकरणींची योजना काढली. पहिल्या वर्षी शंभर जणी, त्यातल्या ७५ जमैकाच्या आणि २५ बार्बाडोसच्या. अटी वाचा: वय १८ ते ३५, अविवाहित, मूल नको, किमान आठवी पास. वर्षभर लोकांच्या घरी राहून धुणीभांडी केली की कायमच्या रहिवासाचा दर्जा. यातल्या कितीतरी जणी तिकडे शिक्षिका किंवा कारकून होत्या.

आता तुमच्या मॅसेडोनियन खोलीशी ताडून बघा. आठ-दहा पुरुष एका खोलीत. भाडं वाटलेलं, जेवण सामायिक, रात्री गप्पांत कोण कुठे दुकान विकतंय याची खबर. त्यातले तिघे पैसे एकत्र करून खाणावळ घेतात. जमैकन बाई मात्र एकटी, मालकाच्या घरातल्या मागच्या किंवा तळघरातल्या खोलीत. शेजारच्या गल्लीत आपल्या गावची कोणी आहे हे तिला कळणार कधी? आठवड्याच्या एका सुट्टीत. भांडवल पैशाचं असतं तसं ओळखींचंही असतं, आणि ते सोबत राहिल्याशिवाय साठत नाही.

आणि मुलं. 'मूल नको' म्हटल्यावर ज्यांना मुलं होती त्यांनी ती लपवली आणि आजीकडे ठेवून आल्या. १९७० च्या दशकाच्या शेवटी मुलं लपवली म्हणून सात जमैकन आयांना देशाबाहेर घालवायचा घाट घातला गेला होता. तेव्हा त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आम्ही घरकामाला चांगल्या आणि आई म्हणून नकोशा, असं कसं? लढून १९७९ मध्ये राहिल्या. इतर कित्येक घरांत मुलं बारा-चौदाव्या वर्षी आली, जिला नीट ओळखत नाहीत अशा आईकडे, आणि शाळेत खालच्या वर्गवारीत टाकली गेली. मॅसेडोनियन बाप आधी आला आणि बायको मागून आली, मुलं बहुतेक इथेच जन्मली. जमैकन आई आधी आली. घराची घडी कशी बसणार हे तिथेच ठरलं.

खमंग

मीनलताई, लिहिलंय छान, पण मी हॉटेल चालवतो, म्हणून मला हे पचत नाही.

ओळखीचं भांडवल साठलं नाही म्हणता, मग 'पार्टनर' काय होतं? जमैकन लोकांची भिशी. दर आठवड्याला प्रत्येकाने 'हात' टाकायचा, पाळीपाळीने एकाला सगळी रक्कम. भिशी सांभाळणारी बाई तर 'बँकर'च. कागद नाही, सही नाही, निव्वळ विश्वास. म्हणजे भांडवल उभं करायची रीत त्यांच्याकडे होती, आणि ती मॅसेडोनियनांपेक्षा काडीइतकीही कमी नव्हती. प्रश्न हा आहे की उचललेली भिशी गेली कुठे.

गेली घरी. पिंपात. मोठ्या निळ्या पिंपात तांदूळ, साबण, बूट, वह्या भरून किंग्स्टनला पाठवायच्या. आजही जमैकाच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा परदेशातून येणाऱ्या पैशाचा आहे. चांगलंच आहे, मी नावं ठेवत नाहीये. पण तो पैसा एग्लिंटनवर गाळा घ्यायला उरला नाही, हे तरी मान्य कराल?

मीनल_ब्रॅम्प्टन

@खमंग, पिंप का भरावं लागलं? मुलं तिकडे होती म्हणून. मुलं तिकडे का होती, ते वर लिहिलंय. मॅसेडोनियनही सुरुवातीला गावीच पैसे पाठवत, 'पेचल्बा'चा अर्थच तो. मग १९१३ मध्ये त्यांचं गाव ग्रीसकडे गेलं, पुढे यादवी युद्ध झालं, परतीची वाट बंद झाली. पैसा टोरोंटोत राहिला तो काटकसरीपेक्षा नाइलाजाने.

विदाबहाद्दर

दोन्ही बाजूंनी भावना पुरे, थोडा विदाही (म्हणजे आकडेवारीही) बघा.

२०२१ च्या जनगणनेत स्वतःला जमैकन मूळचे म्हणवणारे कॅनडात अडीच लाखांच्या घरात आहेत, मॅसेडोनियन म्हणवणारे चाळीस हजारांच्या आसपास. आता गंमत. जुने मॅसेडोनियन बंदरावर उतरले तेव्हा कागदावर 'तुर्क' होते, मग 'बल्गेरियन', मग 'ग्रीक', बितोला-प्रेस्पा भागातून साठच्या दशकात आलेले 'युगोस्लाव्ह'. १९१० चं चर्चही मॅसेडोनो-बल्गेरियन नावाचं. तिसऱ्या-चौथ्या पिढीतले किती जण आज रकान्यात 'मॅसेडोनियन' लिहितात आणि किती जण नुसतं 'कॅनेडियन'? जो विरघळला तो आकड्यातून गेला. जमैकन आजोबांच्या नातवाला मात्र जनगणनेतला 'काळा' हा रकाना सुटत नाही. गाळणीतून निघालेल्यांची न गाळलेल्यांशी तुलना चालली आहे. वयाचंही तेच. एक समाज शंभर वर्षं जुना, दुसऱ्यात अजून दरवर्षी नवे लोक येताहेत. सरासरी उत्पन्न शेजारी मांडून निष्कर्ष काढणं म्हणजे मुरलेल्या लोणच्याची कैरीशी चव लावणं.

अवांतर: स्टाव्ह्रोचं मूळ आडनाव स्टाव्ह्रॉफ. शेवटचं अक्षर कापलं की दुकानाच्या पाटीवर चालून गेलं. सगळ्यांनाच काही कापून चालत नाही.

खमंग

लोणच्याचा दाखला आवडला. विदा पटला नाही, पण लोणचं पटलं.

पूर्वेचा_पाहुणा (धागाकर्ता)

विदाबहाद्दर यांचा मुद्दा रास्त आहे. पण 'आकड्यांत दिसत नाही' म्हणून 'फरकच नाही' असं होत नाही ना? शिवाय मॅसेडोनियनांना मऊ गादी मिळाली असं चित्र उभं राहतंय, ते चूक आहे. १९४८-४९ च्या सुमारास ग्रीक यादवीत जवळपास २८ हजार मुलं आईबापांपासून तोडून पूर्व युरोपात नेली गेली. त्यातली कित्येक मोठी होऊन टोरोंटोत पोचली. शेतं जप्त, नावं बदललेली, गावी परतायला बंदी. 'आई-मूल ताटातूट' फक्त एकाच बाजूला नाही, मीनलताई.

आणि मायकेल ली-चिनचं काय? पोर्ट अँटोनियोचा पोरगा, १९७० मध्ये मॅकमास्टर विद्यापीठात इंजिनिअरिंगला आला, कर्ज काढून समभाग घेतले आणि अब्जाधीश झाला. रॉयल ओंटारियो म्युझियमला तीन कोटी डॉलर दिले. दार उघडं होतं म्हणूनच आत गेला ना?

क्वीन्सवाला

न्यूयॉर्कहून डोकावतोय. आमच्याकडे नेमका उलटा धागा निघतो. इथे जमैकन म्हणजे 'बघा, कसे वर आले' या यादीत. नर्स, बसचालक, आग्नेय क्वीन्स आणि वेकफिल्डकडे स्वतःची घरं. थॉमस सोवेल या अर्थतज्ज्ञाने तर सत्तरच्या दशकापासून वेस्ट इंडियन लोकांचं उदाहरण देऊन म्हटलं की अमेरिकन कृष्णवर्णीयांची मागासलेली स्थिती निव्वळ वर्णद्वेषाने समजावता येत नाही. त्यावर उत्तरही ठरलेलं: बोट-विमान पकडून देश सोडणारा माणूस मुळातच निवडक असतो, त्याची तुलना मागे राहिलेल्यांशी करू नका.

पण मला खुपतं ते वेगळं. तोच जमैकन न्यूयॉर्कमध्ये आदर्श आणि टोरोंटोत समस्या? संस्कृती तर तीच, पिंपही तेच. बदललं फक्त शेजारी उभं कोण केलं ते.

विदाबहाद्दर

+१. आणि धागाकर्ते, ली-चिनच्या आईवडिलांकडे दोन्ही बाजूंना चिनी आणि आफ्रिकी रक्त आहे. जमैकन हा एकच साचा नाही. १८४५ पासून तिथे हिंदुस्थानातून गिरमिटिये गेले. बोकडाच्या मटणाची करी तिथे घराघरांत शिजते. खमंग यांना विचारा.

खमंग

शिजते, आणि झकास शिजते. पण सणासमारंभाला आठवते ती करी, रोजचं पोट भरते ती खिम्याचं सारण भरलेली पॅटी. तिच्यावरून १९८५ मध्ये टोरोंटोत लढाई झाली होती. सरकारी निरीक्षक म्हणाले, कायद्याप्रमाणे 'बीफ पॅटी' म्हणजे बर्गरमधली नुसती मांसाची चकती, पिवळ्या कव्हरातल्या तुमच्या वस्तूला ते नाव लावायचं नाही. पाट्या आणि पाकिटं बदला नाहीतर दंड. दुकानदार भांडले, पेपरांत गाजलं आणि 'जमैकन पॅटी' हे नाव टिकलं. यांच्यात व्यापारी वृत्ती नाही असं मी कधीच म्हणालो नाही. माझं म्हणणं एवढंच की पॅटी विकणाऱ्याने गाळा विकत घ्यायला हवा होता.

मीनल_ब्रॅम्प्टन

कधी घ्यायचा? १९७० च्या सुमाराला टोरोंटोत घराची सरासरी किंमत तीस हजार डॉलरच्या जवळपास होती, २०२२ मध्ये दहा लाखांच्या वर. मॅसेडोनियनांनी घरं-दुकानं घेतली ती या शिडीच्या तळाशी. जमैकन बाई कागदपत्रं, नर्सिंगची परीक्षा, मुलांना इकडे बोलावण्याचं प्रायोजन उरकून गाळ्याकडे बघते तोवर शिडी वर ओढली गेलेली. एग्लिंटनवरचे कितीतरी दुकानदार भाडेकरूच राहिले. मग २०११ मध्ये क्रॉसटाउन रेल्वेचं खोदकाम सुरू झालं. २०२० ला संपणार म्हणाले आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं पत्र्याचे अडसर तसेच होते. गिऱ्हाईक तुटलं. स्टेशन झालं की जागेचा भाव वाढतो, तो फायदा जागामालकाचा. दहा वर्षं धूळ खाल्ली भाडेकरूने.

पूर्वेचा_पाहुणा (धागाकर्ता)

भाड्याचा मुद्दा मला सुचला नव्हता. खरंच. आमच्या भागातल्या जुन्या मॅसेडोनियन खाटकाने दुकान बंद केलं तेव्हा इमारत विकून मुलांना दोन घरं घेऊन दिली. धंदा तोट्यात होता, जागेने तारलं. हे मी त्याच्या कष्टाच्या खात्यात जमा केलं होतं.

तरी माझा मूळ प्रश्न पूर्ण सुटलाय असं मला वाटत नाही. भिशी ते गाळा ही उडी काही जमैकनांनी मारली, बहुतेकांनी नाही. का?

गिरणगावचा_नातू

पॉपकॉर्न संपले, म्हणून बोलतो. आजोबांच्या गावकीच्या खोलीत चौदा जण होते. पुढे ज्यांच्या नावावर भाडेपावती होती त्या दोघांच्या नातवंडांना पुनर्विकासात घर मिळालं. बाकी बाराही तेवढेच राबले होते, तीच भिशी खेळले होते. आजोबा त्या बारातले.

खमंग

पावती कोणाच्या नावावर करायची हे ठरलं कसं, ते सांगा ना. मला तेच कळायला हवंय.

गिरणगावचा_नातू

जो आधी आला होता, त्याच्या.

खमंग

बरं. उद्या येतो, आत्ता तंदूर पेटवायचाय. असहमत आहेच.