दोरी ओढल्यावर येतं कोण?

'कामगारांना अधिकार द्या आणि बाजूला व्हा' हा साहेबांना दिला जाणारा सल्ला मला अर्धाच पटतो. त्यासाठी टोयोटाच्या अँडन दोरीचा (अडचण दिसली की कामगाराने ओढायची दोरी) दाखला देतात, पण दोरी ओढली की गाड्या जोडायची लाईन लगेच थांबते असं नाही. आधी दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो. गाडी ठरलेली रेघ ओलांडायच्या आत अडचण सुटली तर लाईन चालूच राहते. म्हणजे तिथे साहेब बाजूला होत नाही, हाकेच्या अंतरावर उभा असतो. त्यासाठीच एका लीडरकडे जेमतेम पाच-सहा माणसं असतात (हा खर्च कुणी सांगत नाही).

चाकणला मी होतो त्या कारखान्यात दोरी आली, लीडर वाढले नाहीत. ओढून कुणी येईना, मग लोकांनी ओढणंच सोडलं. रिव्ह्यूत साहेब खूश: तक्रारी घटल्या!