जुन्या सागवानी कपाटात कोथिंबीर-मेथी आणि रोपं, कप्पे कसे पाडावेत? (इंदूर)

रामबागकरीण

नमस्कार मंडळी. सासूबाईंच्या माहेरून आलेलं एक सागवानी कपाट आमच्याकडे आहे. सहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल, दोन दारं, आत चार फळ्या. फळ्या खाचांवर बसवलेल्या आहेत, म्हणजे काढता-हलवता येतात. गाद्या-गोधड्या पलंगाच्या पेटीत गेल्यापासून ते रिकामं आहे आणि मोडीत काढायला घरात कुणाचंच मन होत नाही.

आमचा फ्लॅट रामबागेत, पहिल्या मजल्यावर. गॅलरी उत्तरेला, समोर शेजारची इमारत, त्यामुळे ऊन असं येतच नाही. कुंड्यांत कोथिंबीर लावली की दोऱ्यासारखी लांबट होऊन आडवी पडते. म्हणून या कपाटात दिवे लावून वेगवेगळे कप्पे करावेत असं मनात आहे: सगळ्यात खाली ढिंगरी मशरूम, त्यावर कोथिंबीर-मेथी, मग अळीव-मोहरी-मुळ्याचे मायक्रोग्रीन (कोवळेपणीच कापून खायचे कोंब), आणि वर मिरची-टोमॅटोची रोपं. रोपं मोठी झाली की नणंदेच्या शेतावर जातील.

दिवे कोणते आणि किती? लाकूड खराब होईल का? मे महिन्यात आत भट्टी होईल का? कप्प्यांचा हा क्रम बरोबर आहे का? खर्चाची तयारी दहा हजारांपर्यंत आहे. कपाट जपायचं आहे, हे आधीच सांगते.

हिरवा_कोपरा

ताई, तुमचं कपाट मापाला फार चांगलं आहे. मी घरी मायक्रोग्रीन आणि पालेभाज्या दिव्यांखालीच घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कप्प्यांची उंची. सारख्या अंतराच्या पाच जागा ठेवल्यात तर कोथिंबीर बसणार नाही. हिशेब करा: ट्रे सात सेंटीमीटर, दिवा चार, पानं आणि दिवा यांत किमान पंधरा. छत्तीस सेंटीमीटरच्या कप्प्यात कोथिंबिरीला उरले दहा. म्हणून एक फळी काढून टाका आणि चार कप्पे करा. खालचा तीस सेंटीमीटरचा, कोथिंबीर-मेथीचा पन्नासचा, मायक्रोग्रीनचा पस्तीसचा, आणि उरलेला वरचा रोपांना. गरम हवा वर चढते, त्यामुळे वरचा कप्पा नेहमीच उबदार राहणार. मिरची-टोमॅटोला पंचवीस ते तीस अंशांत उगवायला आवडतं, तेव्हा त्यांची जागा तुम्ही बरोबर धरली आहे. कोथिंबिरीचं उलटं. तिशीच्या वर गेलं की धणे रुसतात, उगवण घटते. ती खालीच बरी.

तळाच्या कप्प्यात मात्र मशरूम ठेवू नका. तो अंधाराचा कप्पा करा. धणे चोळून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचे, पेरून ट्रे तिथे ठेवायचा. आठ-दहा दिवसांनी कोंब दिसले की वर आणायचा. मायक्रोग्रीनचे ट्रेसुद्धा पहिले दोन-तीन दिवस तिथेच, वर हलकं वजन ठेवून. मशरूमबद्दल जाणकार सांगतीलच.

आता दिवे. महागडे जांभळे ‘ग्रो लाइट’ घेऊ नका. तुमची फळी तीन फुटांची आहे, चार फुटी ट्यूब मावणार नाही. दोन फुटी, दहा वॉटची, ६५०० केल्विनची पांढरी एलईडी बॅटन घ्या. एक साधारण हजार ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप) देते. तुमची फळी ०.४ चौरस मीटरची. म्हणजे तीन बॅटन लावल्या तर जास्तीत जास्त सात-साडेसात हजार लक्स (फळीवर पडणाऱ्या उजेडाचं माप), सहा लावल्या तर चौदा-पंधरा हजार. प्रत्यक्षात त्याहून कमीच पडणार. मायक्रोग्रीनला तीन पुरतात. कोथिंबिरीला सहा हव्यात, रोपांना पाच. आतून सगळं पांढरं असू द्या, मॅट पांढरा रंग उजेड फार छान परततो. अॅल्युमिनियम फॉइल चुरगळते आणि उजेड कुठे जास्त, कुठे कमी पडतो.

वेळेचं एक ध्यानात ठेवा. मायक्रोग्रीन आणि रोपांना चौदा तास चालतात, पण कोथिंबिरीला बारापेक्षा जास्त देऊ नका. दिवस मोठा आणि हवा गरम झाली की ती फुलोऱ्यावर जाते आणि पानं बारीक पडतात. त्यासाठी तिला वेगळा टायमर लागेल.

बियाण्याबद्दल हे आवर्जून सांगते. मायक्रोग्रीनसाठी शेतीच्या दुकानातलं पाकिटबंद बियाणं वापरू नका. त्यावर बहुतेक वेळा बुरशीनाशक चोळलेलं असतं, रंग गुलाबी-हिरवा दिसतो. आपण ते कोवळं कोवळं खाणार आहोत! सियागंजात किराण्याकडून धणे, मेथ्या, मोहरी, अळीव घ्या. नवा माल असेल तर छान उगवतो. मिरची-टोमॅटोसाठी मात्र दुकानाचंच बियाणं घ्या, आणि त्यांची विरळणी केलेली रोपं चुकूनही कोशिंबिरीत टाकू नका, ती खायची नसतात.

तारजोड

विजेचं मी सांगतो, कारण या धाग्यात अजून कुणी त्याला हात घातलेला नाही.

वरच्या हिशेबाने चौदा बॅटन, म्हणजे १४० वॉट. चौदा तास धरले तर रोज दोन युनिटच्या आत, महिन्याला पंचावन्न ते साठ. बिलाचं हे आधी घरात सांगून ठेवा.

खरा प्रश्न उष्णतेचा आहे. एलईडी थंड असते असं लोक म्हणतात, पण १४० वॉट आत गेले की शेवटी सगळ्यांची उष्णताच होते, आणि दारं बंद असली की ती जाणार कुठे? कोथिंबिरीच्या कप्प्यात साठ वॉट. खोलीपेक्षा तिथे तीन अंशांहून जास्त गरम होऊ द्यायचं नसेल तर तासाला साठ घनमीटर हवा बाहेर काढावी लागते. संगणकाचा १२० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा एवढं करतो, जाळी लावल्यावर जरा कमी. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये असे पंखे मिळतात. बॅटन, टायमर, वायर महाराणी रोडला.

उजेडाच्या प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र पंखा द्या. एकच पंखा वर बसवून फळ्यांना भोकं पाडली तर खालची दमट, गरम हवा वरच्या रोपांवरून जाईल आणि वरचा कप्पा सगळ्यांचा ताप सोसेल. कप्पे म्हणजे नुसत्या फळ्या नव्हेत, प्रत्येकाची हवा वेगळी पाहिजे. मागच्या पाटीला डाव्या बाजूस खाली हवा यायची खिडकी, उजव्या बाजूस वर पंखा. दारांना हात लावायची गरज नाही. कपाट भिंतीपासून हातभर नाही, पण चार-पाच इंच तरी पुढे ओढा.

सुरक्षेचं: पाणी आणि वीज एकाच पेटीत आहेत. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय काही सुरू करू नका. अर्थिंग तपासून घ्या, जुन्या इमारतींत ते अनेकदा नावालाच असतं. पंख्यांचा अॅडॉप्टर, टायमर, एक्स्टेंशन बोर्ड सगळं कपाटाच्या बाहेर, वरच्या बाजूला. प्रत्येक वायरीला आत शिरण्याआधी खाली झोल द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलाच्या टोकाशी गळून पडेल, बोर्डात जाणार नाही.

आणि मे महिन्याचं उत्तर: दिवे रात्री लावा. इंदूरला दुपारी चाळीस अंश झाले तरी मालव्यात रात्री पारा उतरतो. संध्याकाळी सातला सुरू, सकाळी नवाला बंद. झाडांना दिवस कुठला, रात्र कुठली याचं काही नसतं, त्यांना सलग अंधार मिळाला की झालं. कपाट झोपायच्या खोलीत मात्र नको, फटींतून उजेड येतो.

महूचा_ढिंगरीवाला

मशरूमबद्दल मला बोलावलंच आहे, तर स्पष्ट सांगतो: या कपाटात ढिंगरी नको. जागा कमी आहे म्हणून म्हणत नाही. ढिंगरीला ऐंशी-पंच्याऐंशी टक्के दमटपणा आणि सतत ताजी हवा लागते. तेवढा दमटपणा शेजारच्या रोपांना मिळाला की ती बुडाशी कुजून कोलमडतात. शिवाय भुशावर बारीक काळ्या माश्या येतात, त्यांच्या अळ्या पुढे रोपांची मुळं खातात. काही ठिकाणी वाचाल की मशरूमचा कार्बन डायऑक्साइड झाडांना देता येतो. घरगुती कपाटात जिथे पंखा हवा बाहेरच फेकतोय, तिथे त्याचा काडीचा उपयोग नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पिकलेली ढिंगरी ढगासारखे बीजाणू सोडते आणि त्यांनी खोकला, दमा चाळवतो. घरात वयस्कर माणसं आहेत ना? मग राहत्या खोलीत नकोच.

हौस पुरवायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागच्या बाल्कनीत किंवा न वापरलेल्या न्हाणीघरात दोन पिशव्या टांगा. सोयाबीनचं भुसकट आपल्याकडे कमी नाही, गव्हाचा भुसाही चालतो. कडकडीत गरम पाण्यात, साधारण पासष्ट-सत्तर अंशांना, तासभर ठेवून निथळून घ्यायचा, मग त्यात स्पॉन (मशरूमचं बियाणं) घालायचं. छत्रीच्या कडा आतल्या बाजूला वळलेल्या असतानाच तोडा, म्हणजे बीजाणू पसरत नाहीत.

खिडकीप्रेमी

मला प्रामाणिकपणे विचारायचं आहे: एवढा खटाटोप कशाला? अळीव-मेथीचे कोंब उत्तरेच्या खिडकीतही हिरवे होतात. विकत आणायचं असेल तर चोइथराम मंडीत सकाळी कोथिंबिरीची जुडी स्वस्तात मिळते. महिन्याला साठ युनिट वीज जाळून पालेभाजी काढणं मला पटत नाही.

रामबागकरीण

@खिडकीप्रेमी, पैशाच्या हिशेबात तुमचं बरोबर आहे, जुडी विकत घेणं स्वस्तच पडेल. पण सासूबाईंना आता जिना उतरवत नाही. त्यांनी आयुष्यभर परसदारी भाजी केली. दार उघडून हात लावता येईल असं काहीतरी हिरवं त्यांच्यासमोर असावं, ही माझी खरी गरज आहे. साठ युनिट त्यासाठी मला जास्त वाटत नाहीत.

मशरूम रद्द. लाकडाबद्दल कुणी सांगेल का? आणि माती काय घालू? नणंदेच्या शेतातली काळी माती भरपूर आहे.

खिडकीप्रेमी

मग शंभर टक्के करा. आणि एक विनंती, सासूबाईंचे ट्रे कंबरेच्या उंचीवर येतील असं बघा, वाकावं लागायला नको.

सुतारपक्षी

सागवानाला पाण्याची भीती कमी, पण सततच्या ओलीने तेही काळं पडतं आणि जुनं पॉलिश उतरतं. त्यावर रंग मारू नका. पीव्हीसीचा पांढरा सनबोर्ड, तीन मिलिमीटरचा, प्रत्येक कप्प्याच्या मापाने कापून आत नुसता उभा करा. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे मिळतो. पाणी लागत नाही, उजेड परततो, आणि उद्या कपाट पुन्हा गोधड्यांना द्यायचं झालं तर काढून टाकलं की झालं. खिळा एकही नको. दिवे फळीच्या खालच्या बाजूला बारीक स्क्रूने लावा किंवा अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवून पट्टी टेकवा. मागची पाटी सहसा पातळ फळ्यांची असते, पंख्याची भोकं तिथेच पाडा. ती पाटी काढून प्लाय लावणार असाल तर आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा घ्या. पार्टिकल बोर्ड एका पावसाळ्यात फुगतो.

भिजलेला ट्रे पाच-सहा किलोंचा होतो. फळीवर तीन ट्रे येणार, तेव्हा खाचा घट्ट आहेत ना ते बघून घ्या.

हिरवा_कोपरा

काळी माती ट्रेमध्ये अजिबात नको. ओली असताना चिकट, वाळली की आक्रसून तडकते आणि बारीक मुळं तुटतात. धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग, एवढं पुरे. कोकोपीटची पाच किलोची लादी भिजली की साठ-सत्तर लिटर होते, वर्षभर पुरेल. घरचं कंपोस्ट घालायचं असेल तर पूर्ण कुजलेलंच घाला, बंद कपाटात कच्चं खत म्हणजे चिलटं आणि वास. आपल्या गावाला याचं वावडं नसावं: १९२४ पासून इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी थर लावून, पलटी मारून खत करण्याची जी रीत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. मला याचा फार अभिमान वाटतो.

पाणी नेहमी खालच्या ताटलीत घाला, वरून शिंपडू नका; वीस मिनिटांनी उरलेलं ओतून टाका. नर्मदेचं नळाचं पाणी चालेल. आरओमधून फेकलेलं पाणी नको, त्यात क्षार साठलेले असतात.

पावसाळ्यात दिवे बंद असतानाही पंखे अधूनमधून चालू राहू द्या. मुळ्या-मोहरीच्या कोंबांभोवती पांढरं कापसासारखं दिसलं तर लगेच फेकू नका. पाण्याचा फवारा मारा. दिसेनासं झालं तर ती मुळांची केसं होती. जाळं तसंच राहिलं आणि कुबट वास आला तर बुरशी, तो ट्रे बाहेर. अळीव आणि सब्जा मात्र भिजवू नका, बुळबुळीत गोळा होतो. ओल्या कोकोपीटवर कोरडेच भुरभुरवा, अळीव दोन-तीन दिवसांत उगवतात.

रामबागकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय ते असं: आधी फक्त मायक्रोग्रीनचा कप्पा, तीन बॅटन, एक पंखा. आरसीसीबी त्याच्याही आधी. @खिडकीप्रेमी यांच्या सूचनेप्रमाणे मोजलं, तर मायक्रोग्रीनची फळी जमिनीपासून बरोबर कंबरेला येते. एकच शंका उरली. पंखा हवा आत ढकलणारा लावू की बाहेर ओढणारा?

तारजोड

बाहेर ओढणारा. पंख्याच्या चौकटीवर बाण कोरलेला असतो, तो भिंतीकडे असला पाहिजे. आत ढकलणारा लावलात तर दाराच्या फटीतून दमट हवा बाहेर येते आणि सागवान तिथेच ओलं होतं. आणि आत यायची खिडकी पंख्याएवढी तरी मोठी ठेवा, मच्छरदाणीची जाळी लावणार असाल तर दुप्पट.